आ-कर बाई

आमच्या अंगणवाडीच्या बाई नव्या पोराचं नाव कधी आधी विचारत नसत. सकाळी ओट्यावर उन्हाकडे पाठ करून बसायच्या, पोराला समोर उभं करायच्या, हनुवटी दोन बोटांत धरायच्या आणि म्हणायच्या, "आ कर." उजेड थेट पोराच्या तोंडात पडायचा. आधी वरचे दात, मग खालचे, मग करंगळीने गाल बाजूला सारून मागच्या दाढा. नाव, वय, वजन, आईचा फोन नंबर, हे सगळं त्यानंतर. रजिस्टरवर त्यांचं स्वतःचं नाव वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं, पण गावात आणि रस्त्यापलीकडच्या आदिवासी वाडीत त्यांना आ-कर बाई म्हणत. तोंडावर मात्र नुसतं बाई.

आमचं गाव कासू स्टेशनापासून खाडीच्या अंगाला. पूर्वी भातशेती आणि मिठागरं. बांध फुटून खारं पाणी आत शिरलं तशी शेती आटली. आता घरटी एक तरी माणूस डोलवीच्या कारखान्यात ठेकेदाराकडे जातो, नाहीतर गाडीने रोह्याकडे. वाडीतली माणसं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पाऊस तोंडावर आला की परततात. कोणाच्या घरी काय चाललंय हे बाईंना पोरांच्या तोंडात दिसायचं. एकदा शेजारच्या वैशालीच्या मुलाला त्यांनी तपासलं आणि विचारलं, "ह्याच्या बापाचं काम सुटलं काय गो?"

वैशाली चपापली. नवऱ्याचा गेटपास बंद झाल्याचं तिने घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

"दिवाळीला नीट होते दात," बाई म्हणाल्या. "आता हिरडीपाशी पांढऱ्या रेघा आल्यात. दूध बंद झालं, कोरा चहा नि त्यात बुडवायचं बटर सुरू झालं, व्हय ना?"

उलटंही व्हायचं. आईबाप दोघांना काम लागलं की घरात बिस्किटांच्या पुड्या यायच्या, पोर आजीआजोबांवर टाकलेलं असायचं, आणि त्याला गप्प ठेवायला दिवसभर काहीतरी गोड हातात दिलं जायचं. बाई म्हणायच्या, "काम नसलं तरी दात जातात, लागलं तरी जातात. पोरांनी करायचं काय?" हे त्या रागाने म्हणत नसत. काळा दात दिसला की आईला बोल लावणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या फक्त पोराच्या जबड्याखाली दोन्ही बाजूंनी बोटं लावून दाबून बघायच्या. तेवढा वेळ त्यांचा श्वास थांबलेला असायचा. सूज लागली नाही की सोडायच्या आणि पदराने हात पुसायच्या. त्यांना कसलीतरी भीती आहे हे मला तेव्हाही जाणवायचं. कसली, ते मात्र कळत नव्हतं.

आम्ही बायका त्यांना घाबरायचो. त्या ओरडत नसत म्हणूनच जास्त घाबरायचो.

माझी तन्वी तेव्हा तीन वर्षांची होती. मी नागोठण्याच्या पुढे, रोह्याच्या रस्त्याला, बिस्किटं पुड्यांत भरायच्या शेडमध्ये कामाला जात होते. सकाळची गाडी पकडायची, दिवसभर सरकत्या पट्ट्यासमोर उभं राहून क्रीमची बिस्किटं भरायची, संध्याकाळच्या गाडीने घरी. शनिवारी सुपरवायझर आम्हा प्रत्येकीला तुटक्या बिस्किटांची एक पिशवी द्यायचा. ती पिशवी घेऊन घरी येताना मला जो आनंद व्हायचा तो आता आठवला की लाज वाटते. माझ्या लहानपणी क्रीमचं बिस्किट म्हणजे कोणाच्या तरी लग्नात एखादं. माझ्या मुलीला ते आठवडाभर पुरायचं. पिशवी खुंटीला टांगलेली असायची. सासऱ्यांचे गुडघे धरलेले, त्यांना पोरीमागे धावता येत नसे. ती रडली की ते खुंटीकडे हात करायचे. आणि मला पहाटे उठायचं असल्यामुळे मी तिला साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवून झोपवायचे. ती चटकन झोपायची. शहाणी आहे पोर, असं मी सगळ्यांना सांगायचे.

समोरच्या दोन दातांवर तपकिरी डाग आले तेव्हा सासरे म्हणाले, "दुधाचे दात गो ते. पडायचेच हायत." मलाही तेच ऐकायचं होतं. त्याच सुमारास माझ्या नवऱ्याचं डोलवीकडचं काम संपलं. ठेकेदाराने नवी माणसं घेतली, जुन्यांना घरी बसवलं. घर माझ्या एकटीच्या कामावर आलं. शेडमध्ये नियम असा की महिन्यात तीन खाडे झाले की यादीतून नाव जायचं. गेटबाहेर रोज नव्या बायका विचारायला उभ्या असायच्या, त्या आम्हाला आतून दिसायच्या.

मी तन्वीला बाईंपासून लपवायला लागले. बाई पेणला मीटिंगला गेल्या की त्या दिवशी पाठवायचे, एरवी सर्दी झालीय म्हणून घरी ठेवायचे. पण अंगणवाडीत न आलेलं पोर त्या विसरत नसत. एका संध्याकाळी मी गाडीतून उतरून घरी आले तर बाई ओसरीवर बसलेल्या आणि तन्वी त्यांच्या मांडीवर.

"कधीपासून दुखतंय हिला?" त्यांनी विचारलं.

"दुखत नाय बाई. थोडी कीड आहे."

"एका बाजूने चावते ती. बघितलंस का? उजव्या बाजूला घास नेतच नाय." त्यांनी तिचा गाल बाजूला करून मला दाखवलं. खालच्या दाढेत भोक पडलं होतं आणि शेजारी हिरडीवर तांदळाएवढी पिवळी पुळी होती. "उद्या पेणला ने."

"उद्या कसं जमेल? या महिन्यात दोन खाडे झालेत. ह्यांना पण काम नाय. रविवारी नेते."

"रविवारी दातांचा डॉक्टर कुठं बसतो गो?"

माझा नवरा नेऊ शकला असता, असं कोणीही म्हणेल. पण तो रोज वडखळ नाक्यावर काम शोधायला उभा राहत होता, आणि ज्या दिवशी तो उभा राहणार नाही त्याच दिवशी ठेकेदाराची गाडी येऊन माणसं उचलून नेईल, अशी त्याला धास्ती होती. आमच्या घरात तेव्हा सगळेच कसल्या ना कसल्या धास्तीत होते. पोरीची दाढ त्यात सगळ्यात लहान वाटत होती.

महिना संपला की नेते, असं मी कबूल केलं. दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी अंगणवाडी उघडण्याआधी आमच्याकडे येऊ लागल्या. तन्वीच्या जबड्याखाली बोटं लावायच्या आणि जायच्या. चारपाच दिवस पोर कण्हत होती, मग अचानक शांत झाली. पोटभर जेवली, खेळली. मी सकाळी बाईंना हसत सांगितलं, "थांबलं बघा बाई दुखायचं."

बाईंचा चेहरा उतरला. "आपोआप थांबलं?"

"व्हय."

"मग दाढ मेली आतली. आता दुखणार नाय, आता आतला पू खाली गळ्याकडे उतरणार." त्या उभ्याच राहिल्या. "सुनीता, ऐक माझं. आज जाऊ नको कामाला."

मी गेले. महिन्याचे पाच दिवस राहिले होते.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सकाळी तन्वीचा उजवा गाल सुजला होता. अंग कोमट होतं. घरात तापाचं औषध होतं ते मी पाजलं, सासऱ्यांना सांगितलं लक्ष ठेवा, आणि डबा घेऊन स्टेशनाकडे निघाले. वाटेत अंगणवाडी. बाई ओटा झाडत होत्या. त्या दिवशी त्या आमच्याकडे यायच्या राहिल्या होत्या, कारण त्यांची मदतनीस आजारी होती. मी मान खाली घालून पुढे सटकणार होते.

"पोर कशी आहे गो?"

"बरी आहे. गाल थोडा सुजलाय."

बाईंनी झाडू तिथेच टाकला. माझा दंड धरून त्या मागे वळल्या. मी म्हणत होते, "बाई, गाडी चुकेल," आणि त्या एक शब्द न बोलता मला ओढत होत्या. आम्ही ओसरीवर पाय ठेवला तेव्हा स्टेशनावर गाडी लागल्याचा आवाज आला. मी तो आवाज निघून जाईपर्यंत ऐकत होते. पोरगी समोर तापलेली असताना माझं लक्ष गाडीकडे होतं, हे मी कुणापासून लपवत नाही.

बाईंनी तन्वीला तोंड उघडायला सांगितलं. तिने उघडलं, पण एका बोटाएवढंच. पुढे उघडेना. लाळ गळत होती, ती गिळता येत नव्हती. सूज गालावर राहिली नव्हती, जबड्याखालून गळ्याकडे उतरली होती आणि हाताला दगडासारखी लागत होती. "बाई पाणी," तन्वी म्हणाली. तोंडात गरम बटाटा धरून बोलावं तसा आवाज आला.

गावातल्या एकाची मिनिडोर, म्हणजे सहा आसनी रिक्षा होती, ती काढली. हायवेला लागल्यावर मी तन्वीला मांडीवर आडवं करायला गेले, तर बाईंनी माझा हात झटकला. "झोपवू नको. बसव. आणि बोलत ठेव तिला. आवाज बदलला तर लगेच सांग."

वडखळच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. पुढे डोलवीकडे वळणारे ट्रेलर, मागे आम्ही. मिनिडोर इंचाइंचाने सरकत होती. बाई तन्वीला विचारत होत्या, आजोबांचं नाव काय, आईचं नाव काय, कोंबडी कशी ओरडते. ती उत्तर द्यायची आणि आम्ही दोघी तिच्या आवाजाकडे कान लावून बसायचो. एकदा तिने उत्तर दिलं नाही. बाईंनी तिच्या छातीवर हात ठेवला. तेवढ्यात ती म्हणाली, "मला कंटाळा आला." बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला मात्र रडूही येत नव्हतं.

पेणच्या डॉक्टरांनी दोन मिनिटं पाहिलं, एक इंजेक्शन दिलं आणि अॅम्ब्युलन्स बोलावून अलिबागच्या सरकारी रुग्णालयात पाठवलं. म्हणजे आलो त्याच रस्त्याने पुन्हा वडखळ. या वेळी भोंगा होता, ट्रक बाजूला होत होते. अलिबागला पोचल्या पोचल्या पोरीला माझ्या हातातून घेतलं आणि दार बंद झालं. तरुण डॉक्टर एक कागद घेऊन बाहेर आल्या. "दात कधीपासून दुखत होता?"

काय सांगणार होते? पुळी दिसली तो दिवस सांगू, की मी लपवायला लागले तो?

"मला माहीत होतं, डॉक्टर," बाई पुढे होऊन म्हणाल्या. "मी अंगणवाडी सेविका आहे. आठ दिवस रोज बघत होते मी. माझ्याकडून उशीर झाला." डॉक्टरांनी ते लिहून घेतलं आणि आत गेल्या. मी बाईंकडे पाहिलं. त्या भिंतीकडे बघत होत्या.

आम्ही बाकावर बसलो. माझा नवरा निघाला होता, पोचायचा होता. बाई आपणहून बोलायला लागल्या.

"वाडीतली जानकी माहीत आहे ना तुला? तिची पहिली पोर, पिंकी. चार वर्षांची होती. त्या वर्षी भट्टी लवकर बंद पडली, सगळी परत आली. पिंकी गाल धरूनच आली. मी बघितलं, जबड्याखाली सुपारीएवढी सूज. सांगणार होते, पेणला न्या. पण तिचा बाप दारात उभा होता. भट्टीचे पैसे बुडले होते, तेवढ्यात त्याला रोह्याच्या बाजूला काम लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दोघं नवराबायको जाणार होती. इतका खुशीत होता. मला सांगत होता, 'बाई, आता पोरीला नवा फ्रॉक घेतो.' मी बोललेच नाय. म्हटलं, चार दिवस जाऊ देत, मग बोलू."

"मग?"

"चौथ्या दिवशी पोर गेली. दवाखान्यात नेताना रस्त्यातच. दम लागून."

मी त्या बंद दाराकडे बघत बसले. हे त्या मला मिनिडोरमध्ये का बोलल्या नाहीत ते कळलं. आणि त्या पोरांची नावं आधी का विचारत नाहीत, तेही.

"जानकीला सांगितलंत कधी, की तुम्हाला दिसलं होतं?"

"नाय गो. कुठल्या तोंडाने सांगू? तिला वाटतं, ताप डोक्यात गेला."

तन्वी वाचली. गळ्याला चीर देऊन पू काढला, दाढ काढली, आठवडाभर सलाईन चालू होतं. आजही हनुवटीखाली करंगळीच्या नखाएवढा व्रण आहे. शेडच्या यादीतून माझं नाव गेलं. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "ताई, तुमची जागा मी तीन दिवस रिकामी ठेवली होती." मला ते खरं वाटलं.

मी घरी बसले तेव्हा वाटलं होतं, बाई म्हणतील आता राहा पोरीजवळ. त्या म्हणाल्या, "घरी बसून काय करशील? घरात दुसरं काय आहे शिजवायला?" आणि त्यांनी एक गोष्ट केली. शेडमध्ये जाणाऱ्या आणि शेताच्या मजुरीवर जाणाऱ्या बायकांना रविवारी ओट्यावर बोलावलं. म्हणाल्या, "पोरांना डॉक्टरकडे न्यायला पाच जणींचे पाच खाडे होतात, म्हणून कोणीच नेत नाय. एकीने पाचही पोरं न्यायची. पुढच्या वेळी दुसरीने. मी संगती येईन." पहिली पाळी कोणाची, असा प्रश्न आल्यावर सगळ्या माझ्याकडे पाहायला लागल्या. मीच एक रिकामी होते.

मी पाच पोरं घेऊन बाईंसोबत पेणला गेले. त्यांत वाडीतली दोन होती, एक वैशालीचा मुलगा. दवाखान्यात पोरं ओरडली, एक जण डॉक्टरांना चावला. येताना मात्र कापूस चावत चिडीचूप बसली होती. चार महिन्यांनी शेडमध्ये मला पुन्हा घेतलं, दुसऱ्या पट्ट्यावर. शनिवारची पिशवी मी आणते अजून. नाही आणत म्हटलं तर खोटं होईल. पण ती खुंटीवर नसते, आणि जेवणाबरोबर जे काय द्यायचं ते देऊन तन्वीला लगेच चूळ भरायला लावते. पाळ्या अजून चालू आहेत. कधी दोन महिने कोणीच जात नाही, मग कोणीतरी रात्रभर रडतं आणि पुन्हा मिनिडोर भरते. भीती काही गेली नाही. आता शेडमध्ये उभी असताना गेटवरचा फोन वाजला की माझे हात थांबतात.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या आणि माहेरी, खांब गावाला, भावाच्या शेजारी राहायला निघाल्या. आम्ही अंगणवाडीत सतरंज्या घालून छोटासा निरोप समारंभ केला. पर्यवेक्षिका बोलल्या, साडी दिली, पोरांनी गाणं म्हटलं. वाडीतल्या बायका दाराशी बसल्या होत्या. त्यांत जानकी होती. जानकी आपल्या धाकट्या पोरांना अंगणवाडीच्या वळणापर्यंत सोडायची आणि तिथूनच माघारी जायची, ओट्यावर कधी चढायची नाही. त्या दिवशी ती पहिल्यांदाच आत आली होती.

चहा झाल्यावर माणसं पांगली. मी कप गोळा करत होते. बाई उठून जानकीजवळ गेल्या आणि तिच्यासमोर खाली बसल्या.

"जानकी, तुला एक सांगायचं राहिलंय. पिंकीच्या वेळी..." मग एकदम म्हणाल्या, "मी सूज बघितली होती. मला कळलं होतं. मी तुला बोलले नाय."

जानकीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. सतरंजीची कड बोटांनी सारखी करत राहिली.

"मला ठावं होतं, बाई," ती म्हणाली. "तुमच्या आधी मीच बघितली होती ती सूज. भट्टीवरच. पन काम लागलं होतं." मग ती म्हणाली, "मला वाटायचं, तुमाला कळलं असंल, आईनं बघून पन नेलं नाय म्हणून. म्हणून मी कधी तुमच्या समोर येत नव्हते."

दोघी तशाच बसून राहिल्या. मी कप धुवून आले, सतरंज्या गोळा करायला लागले, पण त्यांची सतरंजी राहू दिली. बाहेर खांबकडे जाणारी मिनिडोर येऊन उभी राहिली. जानकी आधी उठली. बाईंचा हात धरून तिने त्यांना उठवलं, त्यांची कपड्यांची जड पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि त्यांच्या बरोबरीने ओटा उतरली. मी त्यांच्या मागून गेले नाही.